तीस ग्रॅम चेडर

आपण वजन कमी करायला घेतले आहे, असे चार माणसांत बोलून दाखवायची खोटी, की आपल्या ताटातून कोणता पदार्थ आधी उचलायचा याचा निर्णय इतर मंडळी घेऊ लागतात. भात, बटाटा आणि साखर यांच्या बाबतीत निदान वाद तरी होतो. कोणाची तरी आजी दोन्ही वेळा भात खाऊन नव्वदीपर्यंत काटक राहिलेली असते, कोणाच्या तरी मेव्हण्याने बटाटा सोडूनही त्याचे पोट तसूभर आत गेलेले नसते, आणि त्यामुळे आरोपीच्या बाजूने बोलायला एखादा साक्षीदार मिळतो. चीजला असा साक्षीदार मिळत नाही. आमच्या सोसायटीतून संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांत मी एकदा सहज म्हणाले, की बाकी काय सोडायचे ते सोडेन, पण चीज सोडायचा माझा विचार नाही. त्यावर शेजारच्या काकू चालता चालता थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, मग एवढी पायपीट कशाला करतेस? चीज म्हणजे नुसती चरबी गं!"

काकूंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, आणि त्याचा हिशेब मी पुढे मांडणारच आहे. पण माझा अनुभव त्यांच्या म्हणण्याच्या जवळपास उलटा आहे. वजन उतरवायला घेतल्यानंतरच मी चीज खऱ्या अर्थाने खायला लागले. त्याआधी इतकी वर्षे मी चीज खात नव्हते, तर चीज घातलेले पदार्थ खात होते, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

माझ्या पिढीच्या मराठी मध्यमवर्गीय घरांत चीज आले तेच मुळी सजावट म्हणून. वाढदिवसाला चीजचा चौकोनी तुकडा, त्यावर डब्यातल्या अननसाची फोड आणि वर पाकातली लाल चेरी, असे सगळे टूथपिकमध्ये ओवायचे आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या कोबीच्या गड्ड्यात त्या काड्या खोचून ठेवायच्या, ही त्या काळची समृद्धी होती. चीज पत्र्याच्या डब्यात मिळायचे, डबा फोडायच्या कटरने आई तो जपून उघडायची, आणि आतून डब्याच्याच आकाराचा फिकट पिवळा, गुळगुळीत गोळा बाहेर यायचा. त्याला ना कवच होते, ना वास, ना वय. ते तसे का होते, हे मला फार उशिरा समजले. स्वित्झर्लंडमधल्या थून या गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी १९११ मध्ये मुरलेले चीज सोडियम सायट्रेटसारख्या क्षारासोबत वितळवून पुन्हा घट्ट करण्याची रीत शोधली, ती मुळी चीज उष्ण देशांत पाठवता यावे आणि वाटेत ते घामेजून फुटू नये म्हणूनच. पुढे अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये अशाच पद्धतीचे पेटंट घेतले, आणि पहिल्या महायुद्धात डब्यांतले चीज सैनिकांच्या शिध्यात गेले. म्हणजे आमच्या कोबीच्या गड्ड्यावर बसलेले ते चीज मुळात उन्हाळा सोसण्यासाठी घडवलेले होते. आपल्याकडे ते म्हशीच्या दुधापासून करून घरोघरी पोचवण्याचे मोठे श्रेय आणंदच्या अमूलकडे जाते. मला त्याविषयी आजही माया आहे. फक्त त्याच्यामुळे चीज म्हणजे एकच चव, एकच रंग आणि कशावर तरी घालायची गोष्ट, अशी जी समजूत आपल्यात रुजली, ती सैल व्हायला फार वर्षे लागली.

आता ही "कशावर तरी घालायची गोष्ट" कुठवर गेली आहे ते बघावे. पावभाजी, डोसा, उत्तप्पा, फ्रँकी, मॅगी, वडापाव, मिसळसुद्धा, अशा प्रत्येक पदार्थाच्या नावापुढे "चीज" लावले की पाटीवर वीस-तीस रुपये वाढतात. मुंबईत एखाद्या टोस्ट सँडविचवाल्याच्या गाडीपाशी उभे राहून त्याचे हात नीट पाहण्यासारखे असतात. तो पावाच्या स्लाइसवर पुठ्ठ्याएवढ्या जाड सुरीने अमूल बटर कडेपर्यंत ओढतो, हिरवी चटणी पसरतो, उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा यांच्या चकत्या पत्ते वाटावेत तशा भराभर टाकतो, चाट मसाला भुरभुरतो, मधली स्लाइस ठेवून तिलाही बटर लावतो, आणि मग चीजचा क्यूब किसणीवर असा काही फिरवतो की पांढरट पिवळ्या तंतूंचा ढीग उभा राहतो. सँडविच कोळशावरच्या किंवा गॅसवरच्या चिमट्यात बंद करण्याआधी बाहेरून पुन्हा बटर लागते ते वेगळेच. या सँडविचचा ढोबळ हिशेब मी एकदा घरी कागदावर मांडला. पावाच्या तीन स्लाइसचे दोनशेच्या थोडे वर उष्मांक, वीस ग्रॅम बटरचे सुमारे १४५, बटाट्याचे साठ-सत्तर, आणि चीजच्या दोन क्यूबचे, म्हणजे पन्नास ग्रॅमचे, दीडशेच्या आसपास. सगळे मिळून साडेपाचशे ते सहाशेच्या घरात जाते. यातला चीजचा वाटा चौथाईच्या आसपासच आहे, पण पाटीवर नाव त्याचे, म्हणून बदनामीही त्याचीच. बटर नामानिराळे राहते. आणि खरे सांगायचे तर एवढ्या चटणी, मसाला, बटर आणि केचपमध्ये त्या चीजची चव कोणाला ओळखू येत असेल, तर त्याच्या जिभेला माझा नमस्कार आहे. तिथे आपण चव खात नसतो, ओढल्यावर येणारी तार खात असतो.

स्वस्तातल्या जागी तर ते चीज असेलच याचीही खात्री नसते. पाम तेलापासून किंवा दुसऱ्या वनस्पती तेलापासून केलेला, वितळणारा आणि ताणला जाणारा पदार्थ बाजारात भरपूर मिळतो. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे दुधाच्या चरबीऐवजी असे तेल वापरलेला पदार्थ चीज म्हणून विकता येत नाही, वेष्टनावर तसे स्पष्ट लिहावे लागते. पण आपल्यापुढे वेष्टन येत नाही, बशी येते.

मला वजन उतरवायची गरज का पडली, हेही सांगितले पाहिजे, कारण वरवर पाहता मी कोणाला लठ्ठ वाटत नव्हते. पन्नाशी जवळ आली, हातपाय होते तसेच राहिले आणि कंबर मात्र साडीच्या नेसण्यात जाणवू लागली. आपल्याकडच्या माणसांचे हे जुने दुखणे आहे, आणि त्यावर जगात सर्वांत लक्षात राहील असे छायाचित्र पुण्याशीच जोडलेले आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र आणि मोजमापे छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी किती दडून बसते, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितलेले माझ्या पाहण्यात नाही. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर ओढली गेली आहे, आणि कमरेचा घेर बायकांसाठी ८० व पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. मला सल्ला देणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईंनी वजनकाट्याकडे फारसे न बघता आधी टेप काढली, ते मला आवडले.

पद्धत कोणती निवडायची यावरून घरात थोडी चर्चा झाली, जशी ती काही वर्षांपूर्वी प्रत्येक मराठी घरात झाली होती. दिवसातून दोनदाच आणि तेही ५५ मिनिटांच्या आत जेवावे असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित एकीकडे, आणि थोड्या थोड्या वेळाने, आपल्या मातीतले, तूप-भातासकट खावे असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर दुसरीकडे, यांवरून एका टेबलावर बसणारे नवराबायको दोन पक्षांत विभागले गेलेले मी पाहिले आहेत. मी कोणत्याच पक्षाची कार्यकर्ती झाले नाही. मला झेपला तो कंटाळवाणा मार्ग, म्हणजे जेवढे लागते त्याहून थोडे कमी खायचे, प्रथिने वाढवायची, वजने उचलायची आणि धीर धरायचा. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठवलेले असतात, हे एकदा कळले की आठवड्यात पाच किलोंच्या जाहिराती वाचून हसू येते.

या कंटाळवाण्या मार्गात बाईंनी मला एक छोटा डिजिटल काटा विकत घ्यायला लावला, आणि चीजशी माझी खरी ओळख त्या काट्यावर झाली. चेडर या घट्ट, मुरवलेल्या चीजच्या तीस ग्रॅमच्या तुकड्यात साधारण १२० उष्मांक, दहा ग्रॅम चरबी, सात ग्रॅम प्रथिने आणि दोनशे मिलिग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. प्रौढ माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असे आपल्याकडचे प्रमाण आहे, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा या एका तुकड्यातून मिळतो. आता १२० उष्मांक म्हणजे किती? चहाबरोबर बोलता बोलता संपणारी पाचेक मारी बिस्किटे. किंवा फोडणीतले एक मोठा चमचा तेल. या दुसऱ्या आकड्यापाशी मी बराच वेळ अडकून राहिले. आमच्या घरात रोज दोन भाज्या, एक आमटी आणि अधूनमधून एखादी उसळ होते, आणि प्रत्येकीची फोडणी अंदाजाने, बाटली वाकडी करून पडते. त्या तेलाला कोणी कधी "नुसती चरबी" म्हटलेले नाही, वास्तविक ते शब्दशः नुसती चरबीच असते. प्रत्येक फोडणीतले थोडे थोडे तेल कमी केले, कढई जरा जाड बुडाची घेतली, तर भाजीची चव बिघडत नाही आणि तीस ग्रॅम चेडरची जागा आपोआप मोकळी होते. हा सौदा मी पहिल्याच आठवड्यात करून टाकला, आणि घरात तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

"चीजपेक्षा पनीर खा," हा सल्ला देणाऱ्यांसाठीही थोडा हिशेब आहे. पनीर पांढरे, मऊ आणि शाकाहारी जिमवाल्यांचे लाडके, त्यामुळे ते सात्त्विक वाटते. पण नियमानुसार साध्या पनीरमधल्या घन भागापैकी निदान निम्मा भाग दुधाची चरबी असावी लागते, आणि ओलावा साठ टक्क्यांच्या आत असावा लागतो. म्हणजे शंभर ग्रॅम पनीरमध्ये वीस ग्रॅम तरी चरबी असणारच. पनीर बटर मसाल्याच्या वाडग्यातून माणूस शंभर ग्रॅम पनीर सहज उचलतो, वर मलई आणि लोणी असतेच, आणि तरीही घरी येऊन म्हणतो की आज काही जड खाल्ले नाही. माझे पनीरशी भांडण नाही, भुर्जी मीही करते. फक्त तीस ग्रॅम चेडरला नावे ठेवून दीडशे ग्रॅम पनीर निर्धास्त खाणे हा मला न्याय वाटत नाही.

कमी चरबीचे चीजही मी आणून पाहिले आणि ते मला अजिबात मानवले नाही. त्यामागे कारण आहे. चीज म्हणजे दुधातल्या केसिन या प्रथिनाचे जाळे आणि त्या जाळ्यात अडकलेले चरबीचे थेंब. थेंब काढून घेतले की जाळे आवळते, आणि मग दाताखाली खोडरबर येते. ते वितळतही नाही. असले चीज चाळीस ग्रॅम खाऊन रुखरुख ठेवण्यापेक्षा चांगले चीज वीस ग्रॅम खाऊन उठावे, या मताला मी आता पक्की आले आहे.

आणि चांगले चीज वीस-तीस ग्रॅमच खायचे असेल, तर ते कसे खायचे हे शिकावे लागते. फ्रिजमधून काढून थेट तोंडात टाकलेल्या चीजला जवळजवळ चव नसते, कारण त्यातली चरबी गोठलेली असते आणि वासाचे सगळे रेणू तिच्यातच कोंडलेले असतात. मी दुपारच्या जेवणाआधी अर्धा तास तुकडा कापून, मोजून, बशीत वाटीखाली झाकून ठेवते. पुण्याच्या उन्हाळ्यात वीस मिनिटेही पुरतात. मुरलेला चेडर तोपर्यंत किंचित ओलसर चमकायला लागतो. सुरीने कापताना त्याची सरळ चकती पडत नाही, कडेला तो भुगा होऊन तुटतो, आणि तुटलेल्या जागी कधी कधी मिठाच्या खड्यासारखे पांढरे कण दिसतात. दाताखाली ते करकरतात. ते मीठ नसते. चीज महिनोन्‌महिने मुरताना प्रथिने तुटत जातात आणि त्यांतून टायरोसिनचे, किंवा दुधातल्या आम्लापासून कॅल्शियम लॅक्टेटचे स्फटिक तयार होतात. मला तर तो कण सापडला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. जिभेवर तुकडा ठेवून लगेच चावला नाही तर आधी आंबट, मग खारट, मग खमंग दाण्यासारखी आणि शेवटी जराशी उकडलेल्या दुधाची चव येत राहते. तीस ग्रॅमचे मी पाच-सहा घास करते. सँडविचवरचे पन्नास ग्रॅम चीज दोन मिनिटांत कुठे गेले ते कळतही नव्हते.

परमेजान याहून कमी पुरतो. इटलीतल्या पार्मा आणि रेज्जो एमिलिया यांच्या परिसरात होणाऱ्या खऱ्या परमेजानचे, म्हणजे पारमिजानो रेज्जानोचे, एक चाक चाळीस किलोंच्या आसपास भरते, त्याला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागते, आणि निदान बारा महिने मुरल्याशिवाय ते विकता येत नाही. इतके मुरल्यावर त्यातली दुग्धशर्करा उरत नाही, म्हणून दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्या आपल्यासारख्या अनेकांना ते चालते. उलट प्रथिने तुटून ग्लुटामेट मात्र भरपूर साठते. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशैवालाच्या रश्श्यातून जी पाचवी चव ओळखली आणि तिला उमामी म्हटले, ती हीच. त्यामुळे दहा ग्रॅम परमेजान बारीक किसणीवर किसला तर मोठा ढीग दिसतो, आणि वाफवलेल्या फरसबीवर किंवा टोमॅटोच्या सारावर भुरभुरला तर पातळ, उदास, डाएटी जेवणाला एकदम अंग येते. उष्मांक चाळीस. एक गोष्ट मात्र शाकाहारी वाचकांना सांगितली पाहिजे. खऱ्या पारमिजानोत दूध विरजायला वासराच्या पोटातले रेनेट वापरतात, आणि ते त्याच्या ठरलेल्या पद्धतीचाच भाग आहे. आमच्याकडे त्यावरून एक छोटे महाभारत झाले. सासूबाईंनी शांतपणे विचारले, "म्हणजे हे तुम्ही देवघरासमोरच्या फ्रिजात ठेवलंत?" तेव्हापासून आम्ही सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे, हिरवा ठिपका असलेले, आपल्याकडे तयार झालेले त्या प्रकारचे चीज आणतो. पुण्यात एबीसी फार्म्सचे चीज कित्येक वर्षांपासून मिळते, मंचरला पराग मिल्क फूड्सचा 'गो' चीजचा मोठा प्रकल्प आहे, आणि मुंबईत छोट्या प्रमाणावर हाताने चीज करणारी मंडळीही आता आहेत, त्यामुळे अडत काही नाही.

माझे आवडते जेवण सांगायचे तर ज्वारीची एक पातळ भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि तीस ग्रॅम मुरलेला चेडर. ठेच्याची आग चीजमधली चरबी आणि केसिन बरोबर शमवतात, कांदा तोंड स्वच्छ करतो, आणि भाकरीचा कडक पापुद्रा आणि चीजचा मऊपणा यांचे छान जमते. ठेचा मी तेल न घालता तव्यावर मिरची-लसूण भाजून करते, शेंगदाणे अगदी नावाला. हे सगळे मिळून साडेतीनशे उष्मांकांच्या आत बसते आणि चार तास भुकेची आठवण होत नाही. हा काही माझा मोठा शोध नाही. इंग्लंडमधल्या पबांत पाव, चीज, कांद्याचे लोणचे आणि बिअर अशी 'प्लाउमन्स लंच' नावाची थाळी मिळते. शेतमजूर पाव, चीज आणि कांदा बांधून शेतावर नेत असत हे खरे, पण त्या थाळीचे हे नाव घरोघरी पोचवले ते १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या चीज-दूध विक्री मंडळांच्या जाहिरातींनी. त्यांना त्याची गरजही होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये चीज रेशनवर गेले आणि माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम, एवढ्यावर लोकांनी दिवस काढले. रेशनिंग उठायला १९५४ उजाडले. त्या काळी मांस नाकारणाऱ्या शाकाहाऱ्यांना आणि शेतात राबणाऱ्यांना चीज जास्त मिळे, ही त्यातली मला फार आवडलेली गोष्ट आहे, कारण चीज हे चैनीचे नव्हे तर पोटभरीचे अन्न आहे, हे सरकारी कारकुनांनी कागदावर मान्य केलेले त्यात दिसते.

फ्रान्समध्ये माणसे वर्षाला माणशी पंचवीस किलोंहून अधिक चीज खातात, आणि तरी त्यांच्याकडे चीज जेवणाच्या शेवटी, गोड पदार्थाच्या आधी, छोट्या तुकड्यांत, स्वतंत्र बशीत येते. याचे दाखले देऊन "बघा, फ्रेंच बायका कशा सडपातळ" असे म्हणणारे लेख मी वाचले आहेत आणि त्यांवर माझा विश्वास नाही. त्या बायका चालतातही खूप, आणि त्या सगळ्या सडपातळ असतात हेही खरे नाही. पण चीजला स्वतःची बशी देणे ही रीत मात्र मी उचलली.

आता काकूंच्या बाजूचे जे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तीस ग्रॅम चेडरमध्ये सहा ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी असते. दिवसाला सोळाशे उष्मांक खाणाऱ्या माझ्यासारखीने संपृक्त चरबी अठरा ग्रॅमच्या आत ठेवावी असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण लावले तर निघते, म्हणजे एका तुकड्यात तिसरा हिस्सा संपला. ज्या दिवशी चीज, त्या दिवशी वरणावरचे तूप अर्धा चमचा आणि साय बंद, एवढी शिस्त पाळावीच लागते. तेवढीच चरबी लोण्यातून खाल्ली तर एलडीएल, म्हणजे वाईट समजले जाणारे, कोलेस्टेरॉल जितके वाढते, तितके चीजमधून खाल्ल्यावर वाढत नाही, असे तुलनात्मक चाचण्यांत दिसलेले आहे, आणि त्याचे कारण चरबी प्रथिने आणि कॅल्शियमच्या जाळ्यात अडकलेली असणे हे असावे असे तज्ज्ञ मानतात. मला यातून दिलासा मिळतो, परवाना मिळत नाही.

मिठाचा मुद्दा त्याहून खरा आहे. प्रोसेस्ड चीजमध्ये शंभर ग्रॅमला चौदाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, म्हणजे एका क्यूबमध्ये साडेतीनशे. दिवसाची मर्यादा दोन हजारांची. लोणचे, पापड आणि फरसाण यांच्या घरात ती मर्यादा चीज येण्याआधीच धोक्यात असते. रात्री खारट खाल्ले की सकाळी काटा अर्धा-पाऊण किलो वर दाखवतो. ते पाणी असते, चरबी नव्हे, पण सकाळी सकाळी तो आकडा बघणाऱ्याला हे समजावून सांगणे कठीण. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी एमेंटालसारखे कमी मिठाचे प्रकार बघावेत, नाहीतर मोझरेला. ज्यांना काहीच परवडत नाही किंवा मिळत नाही, त्यांनी घरी चक्का बांधावा. रात्रभर टांगलेल्या गाईच्या दुधाच्या दह्याच्या चक्क्यात लसूण, मिरपूड आणि किंचित मीठ घालून भाकरीवर लावला तर क्रीम चीजची आठवण येत नाही, आणि खाली उरलेली निवळी कणकेत जाते.

मोबाइलवर फिरणारा एक निरोप सांगतो की चीज अफूसारखे व्यसन लावते. केसिन पचताना कॅसोमॉर्फिन नावाचे तुकडे तयार होतात, एवढा त्यात सत्याचा अंश आहे. पण त्यामुळे माणूस चीजचा व्यसनी होतो याला पुरावा नाही. मला विचाराल तर रात्री अकराला फ्रिज उघडायला लावते ते दुपारी नीट न जेवणे. माझ्याकडे त्यावर तोडगा साधा आहे. मोठा ठोकळा आणला की त्याच दिवशी त्याचे तीस-तीस ग्रॅमचे तुकडे करून, बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवायचे. गुंडाळी सोडणे, कागद घडी घालणे, एवढा खटाटोप मध्ये आला की निम्मी इच्छा मावळते. किमतीचाही उपयोग होतो. बाहेरून आलेल्या चांगल्या चीजचा भाव ऐकल्यावर कोणीही ते भराभर खात नाही.

कंबर उतरली का, तर उतरली, हळूहळू, आणि चीज न सोडता. काकूंनी ते पाहिले आणि श्रेय चालण्याला दिले, ते मी त्यांना देऊ दिले. एका ठिकाणी मात्र हे सगळे गणित कोलमडते, आणि ती जागा म्हणजे पिझ्झा. तिथे चीज पुन्हा वितळून दिसेनासे होते, मैद्यात आणि तेलात मिसळते, काट्यावर ठेवता येत नाही आणि बशीत वेगळे काढता येत नाही. मुलगी सुट्टीला घरी आली की एक संध्याकाळ पिझ्झ्याची ठरलेली असते. आधी काकडी-टोमॅटोची मोठी वाटी खाऊन, दोनच तुकडे घ्यायचे असे सर्वांसमोर सांगून मी बसते, आणि खोक्यात उरलेला शेवटचा तुकडा कोणाला हवा आहे का, असे विचारणारी त्या टेबलावर बहुतेक वेळा मीच असते.